वॉर्निशचा थर

९ जानेवारी

नवीन वही काढली. जुन्या वहीच्या रेघा इतक्या फिक्या होत्या की अक्षरं उतरणीला लागायची. ही गडद रेघांची आहे, शाळकरी मुलांची. दुकानदारानं विचारलं, नातवाला का. हो म्हणून मोकळा झालो, कोण समजावत बसणार.

काम आलंय. अंध मुलींच्या शाळेला मातीच्या थरांची प्रतिकृती हवी आहे. भूगोलाच्या बाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "पुस्तकात पाच रंगांचे पट्टे छापलेत म्हणे. काळा, तपकिरी, तांबूस, असं आमच्या मुली पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. मीही लहानपणी तेच केलं. मार्क मिळाले, माती काही कळली नाही." बाई जन्मापासून अंध आहेत. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा मातीचा धडा असतो, त्याआधी काम हवं.

तीस वर्षं शाळांना आणि संग्रहालयांना प्रतिकृती करून देतोय. हृदयं केली, धरणं केली, आणि ज्वालामुखी तर इतके केले की लोक मला ज्वालामुखीवाले म्हणूनच ओळखतात. खरं सांगायचं तर नवीन काही करायची उमेद उरलेली नाही. सकाळी कारखान्याचं कुलूप उघडायचंसुद्धा जिवावर येतं. पण शेवटचं काम ज्वालामुखी नको, एवढ्यासाठी हो म्हणालो.

ही म्हणाली, "आधी डोळे दाखवून या, मग काय ती माती उकरा. मामंजींचं सगळं मी केलंय, परत करायची ताकद नाही माझ्यात." वडिलांना काचबिंदू होता. शेवटची सहा वर्षं त्यांनी भिंतीला हात लावून काढली. मला तसलं काही नाही, चष्म्याचा नंबर वाढला असेल फार तर. हे काम झालं की जातो म्हणालो. मागच्या कामाच्या वेळीही मी हेच म्हणालो होतो, असं तिचं म्हणणं.

१६ जानेवारी

शाळेमागं पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणून ठेवलाय, माणूसभर खोल. आयते थर मिळाले. वर कुजलेला पाला, मग काळी माती, खाली चिकणमाती, मग मुरूम, तळाला खडक. मिस्त्री फावड्यानं भिंत साफ करायला निघाला होता, त्याला थांबवलं. फावडं फिरवलं की चिकणमाती सगळीकडे लिंपली जाते आणि थर झाकले जातात. सुरीच्या टोकानं ढेकळं उकरत वरून खाली यावं लागतं. दिवस गेला त्यात.

मग भिंतीला सरस लावला, त्यावर कापड, त्यावर फळी. वाळलं की मागून कापायचं, म्हणजे अख्खा छेद फळीला चिकटून येतो. उतरताना डाव्या हाताची सरसाची बादली लाथाडली. मिस्त्री हल्ली वस्तू कुठेही ठेवतो. बावीस वर्षं माझ्याकडे सुतारकाम करतोय, पूर्वी असा नव्हता.

२४ जानेवारी

छेद सुरेख आलाय. वॉर्निशचे तीन हात दिले. रंग असे उठलेत की काळ्या मातीत मुळांचे तंतूसुद्धा दिसतात. एक कण हलणार नाही, मुलींनी कितीही हात लावले तरी. बऱ्याच दिवसांनी आपलं काम बघून बरं वाटलं.

मिस्त्री माझ्यामागून परत एकदा सगळ्या चौकटीवरून हात फिरवतो. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "सवय आहे दादा." म्हातारा होत चाललाय बिचारा.

२९ जानेवारी

तोंडात मारल्यासारखं झालं आज.

छेद वर्गात उभा केला. बाईंनी दोन्ही हात वरपासून खालपर्यंत नेले, परत वर आणले. मग सातवीतल्या एका मुलीला पुढे बोलावलं. तिला त्या शंकासुर म्हणतात, कारण ती प्रत्येक तासाला पाच शंका काढते. तिनं हात फिरवला, वास घेतला, नखानं खरवडलं.

"काका, यात पाच थर कुठायत? एकच तर आहे."

"अगं, नीट बघ. वर काळी माती आहे, खाली—"

"वॉर्निशचा," ती म्हणाली. "आमच्या जेवणाच्या टेबलाला आहे तोच."

वर्गातल्या मुली हसल्या. बाईंनी त्यांना गप्प केलं, पण त्यांचेही ओठ दाबलेले होते. मी हात लावून पाहिला. खरंच, चिकणमाती आणि मुरूम दोन्ही सारखेच गुळगुळीत, सारखेच गार. इतकं मन लावून केलेलं काम मी एकदाही हातानं तपासलं नव्हतं. ज्यांच्यासाठी केलं त्या बघणार कशानं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नुसती लाज वाटली.

निघताना दाराशी बाकाला धडपडलो. शाळेवाल्यांनी बाकं तरी नीट लावावीत, निदान अशा शाळेत.

३१ जानेवारी

कारखान्यात गेलो नाही. पडून राहिलो. ही चहा ठेवून गेली आणि तो मी पाडला. "असा कडेला का ठेवतेस?" म्हणालो. तिनं फडकं आणून पुसलं.

४ फेब्रुवारी

बाई मदतनिसाचा हात धरून कारखान्यात आल्या. सोबत शंकासुर. मला वाटलं, काम काढून घ्यायला आल्या. तर म्हणाल्या, "मला माती शिकवा. मग मी तुम्हाला शिकवणं शिकवते."

टेबलावर मातीची पाच घमेली मांडली. चिमूटभर माती ओली करून अंगठ्यानं बोटावर पुढे ढकलायची, ही जुनी परीक्षा मी त्यांना दाखवली. वाळू असेल तर पट्टी बनतच नाही, चिकणमातीची लांबलचक निघते. बाईंनी कानाशी नेऊन चोळली. "ही करकरते," म्हणाल्या, "आणि ही अजिबात आवाज करत नाही." तीस वर्षांत माती कानाला लावायचं मला सुचलं नव्हतं.

शंकासुरनं एक सळई उचलली आणि पाल्याच्या घमेल्यात खुपसली, मग बाकीच्या घमेल्यांत. "काका, हिच्यातनं पण कळतंय," म्हणाली. मी तिच्याकडून सळई घेऊन पाहिलं. पाल्यातून सुळकन जाते. काळ्या मातीत हळू उतरते. चिकणमातीत अशी अडकते की ओढून काढावी लागते. मुरमात खरखरते. तिच्या हातात परत दिली तर म्हणाली, "मग एकावर एक भरा ना सगळं. वरनं खालपर्यंत खुपसायला मिळू दे."

झालं. इतकी वर्षं काचेमागं मांडायची सवय लागलेल्या माणसाला हे बारा वर्षांच्या पोरीनं सांगावं लागलं.

८ फेब्रुवारी

आराखडा ठरला. एक उभं कपाट, पाच खण एकाखाली एक, प्रत्येकात सुटी, खरी, ओलसर माती. खण बाहेर ओढायचा, हात घालायचा, हवं तर मूठभर काढून चोळायची. शेजारी एक उंच पेटी, आत तेच थर त्याच क्रमानं, वर भोक, भोकात सळई. पलीकडे तीन नरसाळी, वाळूचं, काळ्या मातीचं, चिकणमातीचं. प्रत्येकात पेलाभर पाणी ओतायचं आणि खालच्या पत्र्याच्या डब्यात थेंब कधी वाजतो ते ऐकायचं. वॉर्निश कुठेही नाही. माती सांडेल, वाळेल, बदलावी लागेल. दर शनिवारी मुलींनीच ती भरायची, असं बाईंनी ठरवून टाकलं.

सांगायला सोपं, करायला जीव जातो. खण मोजताना माझी मापं दोनदा चुकली. पट्टीवरचे आकडे पार घासून गेलेत. मिस्त्रीनं परत मापून घेतलं.

संध्याकाळी ही म्हणाली, "डॉक्टरांकडे नाव घालू का?" मी म्हणालो, "धडा सुरू होऊ दे." ती म्हणाली, "कुठला धडा?" आणि आत गेली.

१८ फेब्रुवारी

मिस्त्रीच्या मुलीचं बाळंतपण आलं, तो आठ दिवस गेला. जाताना दारात घुटमळला. "दादा, काठ मी आल्यावर बघतो. तोवर शाळेत नेऊ नका." मी म्हणालो, "अरे, मी काय दुधखुळा आहे? धडा पंचवीसला सुरू होतोय." तो पिशवी उचलून निघाला.

२१ फेब्रुवारी

खणांच्या मागच्या पट्ट्या एकट्यानं ठोकल्या. दमलो. बिनडोक्याचे बारीक खिळे, ठोकून आत दाबायचे. हात अजून चालतात, एवढं समाधान.

२३ फेब्रुवारी

कपाट शाळेत पोचलं. नेण्याआधी डोळ्यांत तेल घालून सगळे काठ तपासले, दोनदा. बाईंनीही हात फिरवला. त्या सळईशी इतक्या रमल्या की खण तपासायचे राहिले. मीच म्हणालो, "राहू दे, मी पाहिलेत."

२५ फेब्रुवारी

आज धडा सुरू झाला.

शंकासुरचं बोट कापलं. तिसऱ्या खणाच्या आत, डाव्या कडेला, एक खिळा गव्हाएवढा वर राहिला होता. ती चिकणमाती घ्यायला गेली आणि हात जोरात मागे ओढला. उजव्या हाताची तर्जनी, अगदी टोकाला. तीन टाके पडले.

ती त्याच बोटानं वाचते.

२६ फेब्रुवारी

काल पुढे लिहवलं नाही. बाईंनी सांगितलं, पंधरा दिवस तरी ब्रेल बंद. त्या बोटाचं कातडं जाड झालं तर आधीसारखं वाचता येईल की नाही, हे टाके काढल्यावरच कळेल. वार्षिक परीक्षा महिन्यावर आलीय. पोरगी रडली नाही म्हणे. फक्त विचारलं, "मधल्या बोटानं शिकायला किती दिवस लागतात?"

कपाटावर चादर टाकून ठेवलीय. मुख्याध्यापक सभ्य माणूस. एवढंच म्हणाले, "बघू पुढे."

मिस्त्रीला फोन केला आणि नको नको ते बोललो. खण त्यानं जोडले, खिळा राहिलाच कसा, बावीस वर्षांत एवढंही शिकला नाही. तो म्हणाला, "चुकलंच माझं दादा." तिकडे बाळ रडत होतं. त्याला मुलगा झाला की मुलगी ते विचारायचं राहिलं. खरं तर नात की नातू म्हणायला हवं, मला आज शब्दही धड सुचत नाहीत.

आता लिहिताना आठवतंय, मागच्या पट्ट्या मी ठोकल्या होत्या.

२७ फेब्रुवारी

मिस्त्री नातीला सोडून परत आला. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो. चूक माझी होती, असं कसंबसं म्हणालो. तेवढ्यात ही चहा घेऊन आली, ट्रे ठेवला आणि उभीच राहिली.

"त्यांना कशाला बोललात?" म्हणाली. "दीड वर्ष तुमच्या मागून डावी बाजू तेच बघतायत. मीच सांगितलं होतं त्यांना."

"काय सांगितलं होतंस?"

"की यांना तिकडचं दिसत नाही. आणि यांना ते कळू द्यायचं नाही."

मी ओरडलो. दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं, माझ्याच कारखान्यात, वगैरे. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "उजवा डोळा झाका."

"कशाला?"

"झाका तर."

भर दुपार होती, खिडकी उघडी. उजव्या डोळ्यावर हात ठेवला. समोर चहाचा कप होता, थोडा, जाड काचेतून बघावा तसा. दार नव्हतं. मिस्त्री नव्हता. ही बोलत होती, पण ती जिथून बोलत होती तिथं काहीच नव्हतं, काळोखसुद्धा नाही.

हात काढायचं भान राहिलं नाही. तिनंच काढला.

२८ फेब्रुवारी

आज ही वही पहिल्यापासून वाचली. सरसाची बादली, बाक, चहा, पट्टीवरचे आकडे. सगळं माझ्याच हातानं लिहिलेलं आहे.

मला भीती वाटतेय. वडील भिंतीला हात लावून न्हाणीघरापर्यंत जायचे आणि मी त्यांच्यावर चिडायचो, की जरा विचारत जा, मी आहे ना. ते विचारायचे नाहीत. कसे विचारणार होते?

२ मार्च

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाई करत नव्हत्या. काचबिंदूच. डावा जवळजवळ गेलाय, उजवा कडेनं झिजतोय. "गेलं ते परत येत नाही. आहे ते टिकवू. थेंब दिवसातून दोनदा, एकदाही चुकवायचे नाहीत." मी विचारलं, आधी आलो असतो तर? म्हणाल्या, "आधी आला असतात तर जास्त वाचलं असतं." खोटं बोलल्या नाहीत, बरं वाटलं.

रिक्षात हिनं माझा डावा हात धरला होता. माझ्या डाव्या बाजूला बसली होती. आता आठवतंय, ती गेलं वर्षभर कुठेही जाताना त्याच बाजूला चालते.

४ मार्च

शाळेत गेलो. पाय ओढत गेलो, खोटं कशाला लिहू. मुख्याध्यापक, बाई आणि शंकासुर, तिघांसमोर सांगितलं. मला डावीकडचं दिसत नाही. मला माहीत नव्हतं म्हटलं तर अर्धं खरं, कारण मी माहीत करून घेत नव्हतो. काठ तपासले म्हणालो ते खोटं नव्हतं, पण त्याला अर्थ नव्हता. कपाट परत नेतो.

बाई म्हणाल्या, "तुम्ही वर्गातून निघताना दर वेळी त्याच बाकाला लागता. पहिल्यांदा वाटलं, जागा नवी आहे. चौथ्यांदा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"लोक न विचारता आम्हाला सांगत सुटतात, त्याचा मला राग येतो. म्हणून तुम्हालाही सांगितलं नाही. चुकलं माझं." मग म्हणाल्या, "खण मीही तपासले नाहीत. तुम्ही पाहिलेत म्हणालात आणि मी ऐकलं. डोळसांचं ऐकायची आमची सवय जात नाही."

शंकासुरनं पट्टी बांधलेलं बोट वर धरलं होतं. "कपाट नेऊ नका," ती म्हणाली. "खिळा काढा फक्त. माझी चिकणमाती बघायची राहिलीय."

मी तिला म्हणालो, "माफ कर गं." ती म्हणाली, "दुखतंय अजून." माफ केलं असं काही म्हणाली नाही. ते बरोबरच होतं.

९ मार्च

तीन दिवस मिस्त्री आणि मी शाळेतच काम करतोय. प्रत्येक पट्टी काढून परत बसवली. बाईंनी एक युक्ती सांगितली. हाताला कापूस गुंडाळून काठावरून फिरवायचा, जिथं कुसळ किंवा खिळा असेल तिथं कापूस अडकतो. मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाला, हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. त्याच्या नातीचं नाव अजून ठरलेलं नाही. आता मी रोज विचारतो.

उजवी बाजू त्यानं केली. डावी मी केली, डोळे मिटून, कापसानं. दोन ठिकाणी अडकला. डोळे उघडून परत पाहिलं तर दोन्ही ठिकाणी मला काही दिसलं नाही.

१२ मार्च

टाके निघाले. बोट बरं आहे, पण टोक बधिर आहे थोडं. बाई म्हणतात, येईल हळूहळू, नाही आलं तर मधलं बोट आहेच. ती मधल्या बोटानं रोज अर्धं पान वाचते आणि चिडते. परीक्षेला तिला जादा वेळ मिळणार आहे. हे सगळं माझ्यामुळे झालं. थेंब घालून ते धुऊन निघणार नाही.

कपाटावरची चादर काढायच्या आधी कापूस घेऊन शंकासुरनं सगळं तपासलं. पाऊण तास लावला. चार वेळा परत मागे गेली. कुणी तिला घाई केली नाही. मग म्हणाली, "चालेल."

मुली खणांवर तुटून पडल्या. नरसाळ्यांपाशी पैज लागली होती, वाळूचा थेंब आधी वाजणार की काळ्या मातीचा. चिकणमातीचा वाजतच नाही म्हणून एकीनं डब्याला कान लावून ठेवला होता. फरशीभर माती झाली. मी एका बाजूला बसलो होतो. दमलो होतो, पण चिडचिड नव्हती.

शंकासुरनं मला हाताला धरून पेटीपाशी नेलं आणि सळई हातात दिली. "काका, तुम्ही करून बघितलंय का हे कधी?"

"मीच तर बनवलंय."

"बघितलंय का, विचारलं मी."

मी डोळे मिटले आणि सळई ढकलली. पाला गेला. काळी माती गेली, ते कळलं. मग अडकलं, मग जरा खरखर लागली.

"मुरूम," मी म्हणालो.

तिनं माझ्या मुठीवर हात ठेवला आणि सळई थोडी वर ओढून परत सोडली. "अजून चिकणमातीच आहे. तुम्हाला खडा लागला असेल एखादा." मग म्हणाली, "परत वरनं सुरू करा. मी थांबते."